केस झडणाऱ्या कुत्र्यासाठी ब्रश, फणी की खरारा? खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी झाली की जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे ऊन चढायला लागतं आणि ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांच्या चादरी, सोफे, पायपुसणी केसांनी भरून जातात. मग मोबाईलवर समोर दिसेल तो ब्रश मागवला जातो. बरेचदा ब्रश चांगला असतो, पण त्या कुत्र्याच्या केसांसाठी नसतो. एकदा कातडीला इजा झाली की ते कुत्रं पुढे कुणाला अंगाला हात लावू देत नाही. म्हणून इथलं ऊन, इथलं गवत आणि इथली पाण्याची ओढ लक्षात घेऊन ही उत्तरं दिली आहेत.

उन्हाळा लागला की एवढे केस का झडतात? हा आजार तर नाही?

बहुतेक वेळा नाही. कुत्र्याचा प्रत्येक केस वाढतो, थांबतो, सुटतो आणि त्या जागी नवा येतो. दिवस मोठा होऊ लागला की शरीर थंडीतली जास्तीची लव टाकून देतं, आणि पावसाळा संपून थंडी जवळ आली की पुन्हा अंगावर नवे केस धरतं. म्हणून वर्षातून दोनदा हा पूर येतो. घरातच राहणाऱ्या, रात्री उशिरापर्यंत ट्यूबलाइटखाली आणि एसीत असणाऱ्या कुत्र्यांचं हे चक्र विस्कटतं. त्यांचे केस वर्षभर थोडे थोडे गळत राहतात. व्यालेल्या कुत्रीचे केस पिल्लं झाल्यावर काही आठवड्यांनी भसाभसा जातात आणि तिला नीट खायला मिळालं तर परत येतात.

केस विरळ झाले, पण खालची कातडी स्वच्छ आहे, खाज नाही, टक्कल पडलेलं नाही, कुत्रं नेहमीसारखं खातंपितं आहे, तर काळजी करू नका.

माझ्या कुत्र्याला कोणतं साधन लागेल हे कसं ओळखू?

जात विचारण्याआधी केस पाहा. कुत्र्याच्या कंबरेवरचे केस दोन्ही हातांच्या बोटांनी बाजूला करा. वर राठ, सरळ केस आणि खाली दाट, मऊ, फिकट लव दिसली तर त्याचं अंग दुहेरी केसांचं आहे. लव दिसली नाही, थेट कातडी दिसली तर एकेरी.

गावठी कुत्रं, कारवान, डॉबरमन, पग, लॅब्राडोर ही आखूड केसांची मंडळी. यांना रबराचा ब्रश किंवा रबरी दाण्यांचा हातमोजा पुरतो. गावठी कुत्र्यासाठी महागडं काही घ्यायची गरज मला तरी कधी वाटलेली नाही. पग आणि लॅब्राडोर मात्र फसवतात: केस आखूड दिसतात, पण लव असते आणि झड भरपूर असते. लॅबला आधी रबरी ब्रश आणि झडीच्या महिन्यात आखूड दातांचा अंडरकोट रेक, म्हणजे लव काढायची विरळ दातांची दाताळी, असं दोन्ही ठेवा.

जर्मन शेफर्ड, हस्की, आणि आपल्याकडे पॉमेरेनियन म्हणून विकला जाणारा पांढरा स्पिट्झ यांची लव दाट असते. यांना अंडरकोट रेक, स्लिकर ब्रश (बारीक वाकलेल्या तारांचा) आणि शेवटी तपासायला स्टीलची फणी लागते. गोल्डन रिट्रीव्हरला हेच, शिवाय कानामागे आणि मांड्यांच्या झालरीला जास्त वेळ द्यावा लागतो.

शिह त्झू, ल्हासा, पूडल यांचे केस झडताना फारसे दिसत नाहीत, कारण सुटलेला केस खाली न पडता आतच अडकतो आणि गुंता होतो. यांना पिन ब्रश (सरळ, सुट्या पिनांचा) आणि फणी हवी, तीही रोज. लव काढायची पाती यांच्यावर वापरू नका. चांगला लांब केस मधेच तुटतो.

स्लिकर, रेक आणि डीशेडिंग ब्लेड यांत फरक काय? दुकानदार सगळी एकच म्हणतो.

एकच नाहीत. स्लिकरला वाकलेल्या बारीक तारांचं दाट गादीदार बूड असतं. तो सुटे केस उचलतो आणि छोटे गुंते मोकळे करतो. रेकला एकमेकांपासून दूर असलेले दात असतात. ते वरच्या राठ केसांतून आत जाऊन फक्त सुटलेली लव बाहेर आणतात. डीशेडिंग ब्लेड म्हणजे मुठीला बसवलेली बारीक दातांची धातूची पाती. ती खूप केस काढते, आणि हाच तिचा धोका. जोर लावला किंवा एकाच जागी फिरवत राहिलं की सुटलेल्या केसांबरोबर पक्का, राठ केसही कापला जातो. ढीग पडतो, माणूस खूश होतो आणि कुत्र्याच्या पाठीवर निस्तेज, तुटके पट्टे राहतात.

नवीन माणसाला मी ब्लेड सुचवत नाही. रेकने काम होतं. ब्लेड घेतलीच असेल तर आठवड्यातून एकदा, कोरड्या केसांवर, पूर्ण अंगाला मिळून दहा मिनिटांच्या वर नाही. पोट, काख, जांघ, कोपर आणि कंबरेची वर आलेली हाडं पूर्ण सोडून द्या. अंगावर चामखीळ, जखम किंवा पुरळ असेल तर ब्लेड कपाटात राहू द्या.

कोणतंही साधन विकत घेताना आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून पाहा. तिथे ओरखडा उठला किंवा टोचलं, तर ते कुत्र्यालाही टोचणार. रेकच्या दातांची टोकं गोल असावीत. स्लिकरच्या तारांना टोकावर प्लॅस्टिकचे मणी असतील तर एखादा मणी निघाला की उघडी तार खरचटते, म्हणून वापरण्याआधी दरवेळी बोट फिरवून बघायचं.

घरात बैलांचा लोखंडी खरारा आहे. तोच चालेल का?

शेतकरी घरांतून हा प्रश्न हमखास येतो, आणि प्रश्न रास्त आहे. पोळ्याला बैल चोळायला, किंवा दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे सजवायला जो खरारा वापरतात, तो जनावर स्वच्छ करायलाच बनवलेला असतो. पण घोड्याबैलाची कातडी जाड, अंगाखाली मांसाचा थर मोठा. कुत्र्याची कातडी त्या मानाने फारच पातळ. लोखंडी खराऱ्याचे करवती दात तिच्यावर बारीक चिरा पाडतात. त्या वरून केसांत दिसत नाहीत आणि पावसाळ्यात चिघळतात.

रबराचा खरारा मिळाला तर बेलाशक घ्या. आखूड केसांच्या कुत्र्याला तो उत्तम लागू पडतो, फक्त हात हलका ठेवा आणि कुत्र्यासाठी वेगळा ठेवा. गोठ्यातला तोच तो वापरला तर गोचीड आणि नायटा इकडून तिकडे जातो.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. कुत्र्याचं अंग पूर्ण भादरून टाकावं का?

दुहेरी केसांच्या कुत्र्याचं, म्हणजे जर्मन शेफर्ड, हस्की, स्पिट्झ, लॅब, गोल्डन यांचं, नाही. हे उत्तर ऐकून लोक नाराज होतात, कारण आपल्या माणसाळलेल्या जिवाला धापा टाकताना बघवत नाही. ती तळमळ खरी आहे, उपाय मात्र चुकीचा आहे.

आपल्याला अंगभर घाम येतो, म्हणून अंग उघडं केलं की बरं वाटतं. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांना. बाकीची उष्णता ते धापा टाकून बाहेर काढतं. त्याच्या अंगावरचे केस धाब्याच्या घराच्या जाड छतासारखं काम करतात: बाहेरचं ऊन थेट आत येऊ देत नाहीत. ते छत उतरवलं की ऊन सरळ कातडीवर पडतं. पांढऱ्या स्पिट्झची गुलाबी कातडी लवकर भाजते. शिवाय भादरलेल्या दुहेरी केसांत लव लवकर आणि राठ केस उशिरा येतो. काहींचे, विशेषतः स्पिट्झ आणि हस्की यांचे, केस महिनोन्महिने परत येत नाहीत किंवा ठिगळांसारखे येतात.

उपयोग होतो तो सुटलेली लव रेकने बाहेर काढण्याचा. लव निघाली की राठ केसांमधून वारा खेळतो. पोटाखालचे आणि शेपटीखालचे केस थोडे कमी करायला हरकत नाही, तिथे गारवा थेट लागतो. शिह त्झू किंवा ल्हासाचे केस बोटभर ठेवून कापले तरी चालतात.

त्यापलीकडे सावली, ताजं पाणी, दुपारी ओली केलेली फरशी, आणि फिरणं सकाळी सातच्या आत, संध्याकाळी रस्ता निवल्यावर. हाताची पालथी बाजू डांबरावर सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला ठेवता आली नाही तर त्याचे पंजेही तिथे पोळतील. धाप थांबत नाही, लाळ चिकट झाली, हिरड्या गडद लाल दिसतात, चालताना झोकांड्या जातात, ही उष्माघाताची लक्षणं. साधं पाणी अंगावर ओतत राहा, पंखा लावा आणि वेळ न घालवता पशुवैद्यकाकडे न्या.

ब्रश नेमका कसा फिरवायचा?

उन्हाळ्यात सकाळीच, कुत्रं फिरून शांत झाल्यावर. आधी नुसत्या हातांनी सगळं अंग चाचपा. गाठ, जखम, गोचीड, कुसळ हे हाताला आधी कळतं. मग मानेपासून शेपटीकडे, केसांच्या दिशेने. लांब केसांच्या कुत्र्याला एका हाताने केस वर उचलून धरायचे आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या खालून एक एक पट्टी मोकळी करत वर जायचं. नुसता वरवर ब्रश फिरवला की वरून रेशमी आणि आतून नमदा, अशी अवस्था होते, आणि ती महिन्याभराने कळते.

जोर मनगटातून द्या, खांद्यातून नाही. एका जागी चार-पाच वेळा फिरवलं की पुढे सरका. कातडी गुलाबी होऊ लागली तर तिथलं काम त्या दिवसापुरतं थांबवा. ब्रशने घासून आलेली लाली रात्री जळजळते आणि कुत्रं ती जागा चाटून जखम करतं. झडीच्या दिवसांत दहा-पंधरा मिनिटं, दिवसाआड. एरवी आठवड्यातून एकदा-दोनदा. केस यायचे थांबेपर्यंत काढत राहायचं नसतं, कारण ते थांबत नाहीत.

ब्रश बघितला की आमचा शेरू गुरगुरतो. तोंड बांधून करू का?

तोंड बांधून जबरदस्तीने केलं तर पुढच्या वेळी तो आणखी आधीपासून गुरगुरेल. पहिले काही दिवस ब्रश फक्त त्याच्याजवळ ठेवा आणि खाऊ द्या. मग ब्रशची मागची बाजू पाठीवरून फिरवा. मग दोन-तीन हात, आणि लगेच मोकळं. पंजे, शेपटी आणि कान सगळ्यात शेवटी. ज्या कुत्र्याने आजवर नेहमी हात लावू दिला आणि आता अचानक देत नाही, त्याचं बहुधा काहीतरी दुखत असतं: कान, कंबर, सांधे. ते आधी दाखवा.

नाइलाजाने मुसकी घालायचीच असेल तर जाळीची टोपलीसारखी घ्या, जिच्यात तोंड उघडता येतं. तोंड आवळणाऱ्या कापडी मुसकीत कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत. खान्देशच्या उन्हात ते जिवावर बेतू शकतं.

कानामागे जटा झाल्या आहेत. कात्रीने कापू?

कात्री नको. जटेबरोबर खालची कातडीही ओढली जाऊन वर येते, आणि केस कुठे संपतात ते डोळ्यांना कळत नाही. चांगली चार बोटांची चीर पडलेली कुत्री टाक्यांसाठी दवाखान्यात येतात.

छोटी जट असेल तर तिच्या मुळाशी केस दोन बोटांत घट्ट धरा म्हणजे ओढ कातडीला लागणार नाही, आणि टोकाकडून फणीने थोडं थोडं सोडवा. कॉर्नफ्लोअर भुरभुरलं तर सरकतं. कातडीला चिकटून बसलेली घट्ट जट क्लिपरनेच, म्हणजे केस भादरायच्या मशीननेच काढावी, आणि सवय नसेल तर जाणकाराकडून. अंघोळ जट सोडवल्यावर घाला. पाणी लागलं की जट आणखी आवळते.

शेतात जाऊन आलं की कुसळं आणि गोखरू भरतात. काय करावं?

सातपुड्याच्या पायथ्याचं, यावल-चोपडा-शहादा पट्ट्यातलं हे रोजचं दुखणं. गोखरू दिसतो, टोचतो, पण वरच राहतो. कुसळ जास्त घातक. त्याच्या टोकाला उलटे बारीक केस असतात, कुसळाची शेपटी ओलाव्याने पिळत जाते आणि कुसळ एकाच दिशेने, पुढे पुढे घुसत राहतं. पावसाळा सरून गवत वाळलं की शेतातून आल्या आल्या बोटांमधली बेचकी, काख, कान आणि डोळ्यांचे कोपरे पाहा. फणीने ओढू नका, चिमट्याने किंवा बोटांनी एक एक काढा. पंजावर फुगवटा येऊन पाणी झिरपत असेल, किंवा कुत्रं अचानक एका बाजूला डोकं झटकत असेल, तर कुसळ आत गेलं आहे असं समजून डॉक्टरांकडे जा. कानात घरी चिमटा घालू नका.

गोखरू काढायला बोटांना खोबरेल तेल लावलं की काम सोपं होतं. तेल नंतर पुसून टाका, नाहीतर त्यावर माती बसते.

फणीत गोचीड आला तर?

फणीने ओढून काढू नका. तोंड कातडीत तुटून राहतं. बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरा आणि सरळ वर, सावकाश ओढा. काडेपेटी, रॉकेल, चुना यांतलं काही नको. काढलेला गोचीड नखाने चिरडू नका, साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये टाका. एक सापडला की कानाच्या आत, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यात आणखी असतातच. आणि घराच्या भिंतीच्या भेगांत, खाटेच्या सांध्यांतही असतात. नुसतं कुत्रं साफ करून भागत नाही.

गोचिडांमुळे कुत्र्यांना एर्लिकिया आणि बबेसिया हे रक्ताचे आजार होतात. ताप, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या, नाकातून रक्त, अन्नावरची वासना जाणं, यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा. गुरांच्या गोचिडांचं औषध अंदाजाने कुत्र्यावर ओतू नका. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेलं औषध कुत्र्यालाही लावू नका. मांजराला ते विषारी असतं.

पाणी रोज येत नाही. अंघोळ किती वेळा घालावी?

नियमित ब्रश होत असेल तर महिना-दीड महिन्यातून एकदा पुरते. कोरड्या ब्रशने धूळ, कोंडा आणि सुटे केस निघतात, त्यामुळे आपल्याकडे ब्रश हीच पाण्याची मोठी बचत आहे. आधी ब्रश, मग अंघोळ, पूर्ण वाळल्यावर पुन्हा ब्रश. ओल्या केसांवर रेक किंवा ब्लेड नाही. शाम्पू कुत्र्यांचाच घ्या. माणसाची त्वचा आम्लधर्मी, कुत्र्याची उदासीनाच्या जवळची. आपल्या शाम्पूने तिला कोरड येते. बोअरच्या जड पाण्यात फेस लवकर निघत नाही, म्हणून दोन बादल्या फक्त धुवायला राखून ठेवा.

एप्रिल-मेमध्ये सावलीतच केस वाळतात. पावसाळ्यात मात्र लव ओली राहिली की चोवीस तासांत चिघळलेले लाल चट्टे उठतात, आणि जखम असेल तर माशा बसून अळ्या पडतात. टॉवेलने दाबून पाणी टिपा आणि ड्रायर लावायचा तर गार हवेवर, हातभर लांबून.

दाढीचा ट्रिमर वापरता येईल?

पंजाखालच्या चार केसांपुरता येईल. दाट केसांत त्याचे दात अडकतात, केस उपटले जातात. कुत्र्यांचा क्लिपर वापरतानाही पाती काही मिनिटांतच तापते. दर दोन-तीन मिनिटांनी मनगटाला लावून बघा.

कधी समजायचं की ही साधी झड नाही?

गोल टक्कल, खवले, खपल्या. दोन्ही कुशींवर सारखेच विरळ झालेले केस आणि वाढतं वजन, सुस्ती. हे थायरॉइडचं असू शकतं. शेपटीच्या मुळाशी खाजवून उघडी पडलेली जागा बहुधा पिसवांची. कानांच्या कडा आणि कोपरांवर भयंकर खाज म्हणजे खरजेची शंका, आणि ती खरूज माणसालाही चिकटते. नायटाही चिकटतो. अशा वेळी ब्रश बंद, डॉक्टर आधी. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातही कातडी खरवडून तपासण्याबद्दल विचारा.

खरजेवर गाडीचं जळकं ऑईल लावायची पद्धत अजून गावागावांत आहे. कृपा करून लावू नका. कुत्रं ते चाटतं, कातडीतूनही ते आत शोषलं जातं, आणि यकृत-मूत्रपिंडांवर परिणाम होतो. आज खरजेवर चांगली औषधं आहेत.

घरात दम्याचं माणूस आहे. केस काढल्याने त्रास थांबेल?

कमी होऊ शकतो, थांबेलच असं नाही. ॲलर्जी केसांपेक्षा कोंडा आणि लाळेतल्या प्रथिनांची असते. ब्रश अंगणात करा, तोही दम्याच्या माणसाने नाही. घरात केस झाडूने उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा.

खाण्याने झड कमी होते का?

केस प्रथिनांचे बनतात. नुसती कळण्याची भाकरी आणि दूध यांवर असलेल्या कुत्र्याला अंडं, चिकन किंवा मासे मिळू लागले की दोन-तीन महिन्यांत अंगावर तकाकी येते. आपली शेवभाजी किंवा भरीत देऊ नका. त्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतो.

ब्रश करताना चावलं तर?

घरचं, लस दिलेलं कुत्रं असलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. लगेच सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजच्या लशीबद्दल विचारा.

साधनं कशी धुवायची, कधी बदलायची?

दरवेळी केस काढून टाका, आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्याने धुवा आणि उन्हात पूर्ण वाळवा. ओली ठेवली तर स्टील गंजतं. कुत्र्याला नायटा झाला असेल तर ब्रश फेकूनच द्या, नायट्याच्या बुरशीचे बीजाणू महिनोन्महिने जिवंत राहतात. तारा वाकल्या, दात मोडला, रबर तडकलं की नवीन घ्या. दोन कुत्री असतील तर दोन ब्रश ठेवा आणि शेजाऱ्याने मागितला तरी आपला देऊ नका.